सुराची ओल

मार्गशीर्षातली केशरकांत सकाळ मिरजेच्या त्या बोळात उतरली ती आधी भोपळ्यांवर. तंबोऱ्यांसाठी ओळीने वाळत ठेवलेले ते घटोदर भोपळे उजळले, मग तारा उजळल्या, मग उजळला दस्तगीरचाचांच्या वाद्यांच्या दुकानातला पितळी पसारा. पिवळ्यावर पिवळे सांडले आणि सारा बोळ सणासारखा दिसू लागला.

त्या पीतप्रभेत उभी होती सारिका ऐवळे, बँडवाल्या आण्णांची लेक, त्यांचे कॉर्नेट, ते आखूड पितळी तुतारीसारखे वाद्य, छातीशी कवटाळून. काळीज नुसते उड्या मारत होते. उद्या चंपाषष्ठी! उद्या गावच्या खंडोबाची पालखी! तीस वर्षे ती पालखी आण्णांच्या कॉर्नेटवर उठली. पण आण्णांचे दात गेले, दातांमागून फुंक गेली, आणि कॉर्नेटचा माउथपीस, ओठाला लावायची ती इवली पितळी वाटी, गेल्या यात्रेच्या गर्दीत कुठे गळाली ते कळलेच नाही.

"आण्णांचा सूर निघत आसंल तर पोरीनं वाजवावं," पंचांनी बजावले होते, "न्हाईतर डीजे सांगून ठिवलाय."

आण्णा दुकानाबाहेर बाकावर बसले होते, उपरणे पांघरून, मान खाली घालून. साऱ्या वाटेत एवढेच बोलले होते, "सूर वला पायजे, पोरी. वला."

वला म्हणजे ओला. मग ओला करायला वेळ तो किती! सारिकाने आधी वाटीभर पाणी मागून घेतले आणि चाचांनी मांडलेले सगळे माउथपीस त्यात बुडवले, एकामागून एक, मोठ्या भक्तिभावाने.

चाचा पोट धरून हसले. "अगं बेटी, ही काय सनईची पत्ती हाय व्हय? पितळ हाय ते, पितळ! भिजवून फुगणाराय का?"

सारिका कानापर्यंत लाजली. ऐवळ्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सनई. भिजल्यावाचून तिची पत्ती बोलत नाही. सनई खुंटीला गेली, कॉर्नेट हाती आले, तरी पाण्याची वाटी काही घरातून हलली नाही.

पण लाजायला सवड कुठली? तिने पहिला माउथपीस चढवला. शुभ्र, रुपेरी, नवाकोरा. सूर निघाला लखलखीत, तीक्ष्णधार. आण्णांची मान खालीच. दुसरा चढवला. सूर असा कडाडला, की भोपळ्यांवरची कबुतरे भर्रकन उडाली, जाणारा सायकलवाला पाय टेकून "वा!" म्हणाला. सारिका हरखली. हाच! हाच तो! तिने वळून पाहिले, तर आण्णांनी उपरणे कानावर ओढून घेतले होते.

तिचे डोळे भरून आले. उगीच काहीतरी करायचे म्हणून ती उरलेल्या माउथपीसांतले पाणी झटकू लागली, आणि झटकता झटकता थबकली. एका माउथपीसच्या उथळ तळाशी थेंब अडून बसलेला. दुसऱ्यातही अडून बसलेला. पण तो एक, काळवंडलेला, कुणी न पुसलेला, त्याच्या कडेवरून थेंब निघाला, उतरणीने ओघळत गेला आणि कुठेही न अडखळता तळातून खाली पडला.

"चाचा, ह्ये आतनं कसं हाय?"

"नरसाळ्यावानी. जुनी घडण. आता कोन घेतंय? लांब फेकत न्हाई त्यो आवाज."

सारिकाच्या अंगावर सरसरून काटा आला. ओला सूर म्हणजे भिजवलेला नव्हे! ओला म्हणजे न अडणारा, न कोरडणारा, उतारावरून आपसूक वाहणारा! तिने तो काळा माउथपीस चढवला, डोळे मिटले आणि पालखीची चाल धरली.

आणि सूर आला. गोल आला, गहिरा आला, तापल्या कढईत तूप सुटावे तसा अलवार पसरत आला. कडाडला नाही, झगमगला नाही. मंद्रमधुर, घनमंथर असा तो बोळभर भरून राहिला. तंबोऱ्यांच्या तारा आपोआप झंकारल्या. चाचांचे हसू ओठांतच विरले आणि सारिकाला आनंदाने रडू फुटायचे तेवढे बाकी राहिले.

बाहेर उपरणे गळून पडले. आण्णांनी मान वर केली. "दस्तगीर!" त्यांचा बोळका आवाज खणखणला, "पंचास्नी फोन लाव! म्हनावं, डीजे नगं! पालखी पोरगी उठिवनार हाय!"

आणि मग, "थांबू नगंस गं, थांबू नगंस," असे पुटपुटत त्यांनी उजवा हात गुडघ्यावर ठेवला. तीन सुरकुतलेली बोटे कॉर्नेटच्या तीन अदृश्य कळांवर उठू लागली, बसू लागली, चालीच्या एक पाऊल पुढे. आणि उंबऱ्याआडून ती बोटे पाहणाऱ्या लेकीचा श्वास त्यांच्यामागून निघाला, हळूहळू, डुलत डुलत, ऊन अंगावर घेत.