उलट्या घडीची चादर

आत्याला गुळमुळीत बोलणं कधी जमलंच नाही. भर दुपारी ती भाच्याच्या शिवणाच्या दुकानात शिरली आणि गिऱ्हाइकाच्या छातीभोवती टेप असतानाच म्हणाली, "ती बाई चोर होती की नव्हती, ते मला जायच्या आधी कळायला हवं. तुझी पणजी. शोध काढ."

गिऱ्हाईक श्वास रोखून उभं राहिलं. शिंप्याने माप पुन्हा घेतलं.

त्या बाईची सगळी कथा एका चादरीत मावत होती. ती इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती, आणि तिथली चादर घरी सापडली. वाळत घातलेल्या चादरीवरचा इस्पितळाचा शिक्का शेजारणीने पाहिला आणि विचारलं. "चोरली," असं ती तोंड वर करून म्हणाली म्हणे. मग काय, पुढच्या तीन पिढ्या चादरचोराच्या! आत्याशी तर शाळेत कुणी पाटी बदलत नसे. तिचे वडील, म्हणजे शिंप्याचे आजोबा, विषय निघाला की उठून जात. चादर कुणी वापरली नाही आणि कुणी टाकलीही नाही. घरात त्या बाईला नातं नव्हतं. ती फक्त 'ती बाई'.

आत्याचं वय शहाऐंशी. शिंप्याने दुकानाला अर्ध्या दिवसाची सुट्टी लावली आणि चादर पिशवीत घालून इस्पितळाचं जुनं दप्तर गाठलं.

दप्तर सांभाळणाऱ्या बाई चष्म्याच्या वरून बघणाऱ्यांपैकी. "नाव?" त्यांनी विचारलं. नाव सांगून उपयोग झाला नाही, कारण धोबीखान्याच्या वह्यांत नावं नव्हतीच. बायकांना लिहिता येत नसे, म्हणून प्रत्येकीची दोऱ्याची खूण ठरलेली होती. धुतलेल्या कपड्याच्या कोपऱ्यात ती खूण घालायची, आणि संध्याकाळी कारकून ती बघून वहीत काढायचा. चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याच्या तीन पायऱ्या होत्या, उजवीकडे चढत जाणाऱ्या. त्या पायऱ्या शोधत शिंप्याने दोन दिवस धूळ खाल्ली. मासा सापडला, चूल सापडली, डावीकडे चढणाऱ्या पायऱ्याही सापडल्या, पण उजवीकडच्या काही सापडेनात.

तिसऱ्या दिवशी पाय मोकळे करायला तो व्हरांड्यात आला, तर समोरून धुतलेल्या चादरींची गाडी चाललेली. सगळ्या घड्या उलट्या! दुमडलेली शिवण बाहेर.

"अहो, घडी उलटी घातलीय," त्याच्यातला शिंपी गप्प बसेना.

"इथे पहिल्यापासून अशीच घालतात," गाडी ढकलणारी म्हणाली. "पेशंटच्या अंगाखालची बाजू आत राहिली की स्वच्छ राहते."

शिंप्याने कपाळावर हात मारून घेतला. चाळीस वर्षं प्रत्येक कापडाची आधी सुलट बाजू बघायची सवय, तीच नडली होती. कारकुनाने खूण उलट बाजूने पाहून काढली होती! तो धावत आत गेला. डावीकडे चढणाऱ्या पायऱ्या त्याने निदान वीस वेळा ओलांडल्या होत्या.

खुणेपुढे लिहिलं होतं, 'विधवा, मूलबाळ नाही.' शिंप्याला वाटलं, चुकलं, ही आपली नव्हे. पण पुढे साथीच्या सालात शेरा होता, आणि ते साल आजोबांच्या जन्माचं होतं.

'चादर एक, परत नाही. वॉर्डात मयत झालेल्या बाईचा मुलगा, वय दिवस नऊ. न्यायला कोणी आले नाही. या धोबिणीने नेला. गुंडाळण्यास चादर मोठ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून दिली.'

महिन्याभराने एकच ओळ. 'काम सोडून दुसऱ्या गावी गेली.'

त्याने ते तीनदा वाचलं. दप्तरवाल्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

घरी येताना त्याने अर्धंच सांगायचं ठरवलं. या वयात आत्याला कशाला सांगा, की तुझा बाप पोरका होता आणि आपण त्या बाईचे कुणीच नाही?

"नव्हती चोर," तो दारातूनच म्हणाला. "डॉक्टरांनी स्वतः दिली होती चादर. वहीत आहे."

आत्याचा चेहरा उजळला. मग तिने विचारलं, "का दिली?"

आणि शिंप्याला उमगलं. तेव्हा ती शेजारीणही हेच विचारणार होती. 'दिली' म्हटलं की पुढचा प्रश्न 'का' हाच, आणि त्याच्या उत्तरात नऊ दिवसांचं पोर होतं. म्हणून ती बाई 'चोरली' म्हणाली. त्यावर कुणी पुढे काही विचारत नाही.

तो आत्याच्या पायाशी बसला आणि त्याने सगळं सांगितलं.

आत्या म्हणाली, "आयुष्यभर चोर म्हणवून घेतलं. पण माझ्या बापाला परकं म्हणू दिलं नाही कुणाला."

"रक्ताची नव्हती गं ती आपली."

"रक्ताचं मला सांगू नकोस. रक्त काय, डासही नेतो. चादर आण इकडे."

त्याने चादर तिच्या मांडीवर पसरली. तिने कोपरा शोधला, उलटा केला आणि लाल पायऱ्यांवरून बोट फिरवलं. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही.

"आजी," ती म्हणाली, "फार उपकार झाले गं तुझे."

तिच्या तोंडून त्या बाईसाठी हा शब्द शिंपी पहिल्यांदाच ऐकत होता.