बाबा झोपलेत

पाववाल्याची झोप ही त्या घरातली सगळ्यांत नाजूक वस्तू होती. त्यापेक्षा काचसामान परवडलं, असं त्याची बायको म्हणायची. रात्रभर तो बेकरीत भट्टीसमोर उभा असायचा, उजाडता उजाडता पिठानं पांढरा होऊन घरी यायचा आणि आंघोळ करून आडवा व्हायचा तो थेट दुपार कलेपर्यंत. पण चमचा पडला की जाग. शेजारी कुणी खोकलं की जाग. आणि अर्धवट झोपेचा माणूस भट्टीपाशी उभा राहिला की काय होतं, ते त्याच्या डाव्या हातावरच्या भाजल्याच्या डागाकडे बघून कुणालाही कळलं असतं.

म्हणून मग सगळ्या घरानंच मौनव्रत घेतलं होतं. दाराच्या कडीला फडकं गुंडाळलेलं. भांडी घासून झाली की जाड टॉवेलावर पालथी. बायकोचं शिवणयंत्र दिवेलागणीपर्यंत गप्प. लेक तिसरीत होती, तिला सगळे मुंगी म्हणायचे, कारण ती खोलीत आली कधी आणि गेली कधी, कुणाला पत्ता लागायचा नाही. भूक लागली की पोटावर हात, पाणी हवं तर अंगठा ओठाला. आईशी भांडण झालं तर तेसुद्धा नुसतं डोळे वटारून. एवढी समंजस पोर आपल्या पोटी आली म्हणून बापाला कोण कौतुक!

त्या पोरीच्या बाईंनी एक दिवस त्याला शाळेत बोलावून घेतलं.

तो गेला. मुलांच्या बुटक्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसला. मुंगी शेजारी उभी राहिली. बाई चांगल्या होत्या, वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या, उगाच आवाज चढवणाऱ्या नव्हेत. त्यामुळे त्या जे बोलल्या ते जास्तच लागलं.

"तुमच्या मुलीला वाचता येत नाहीये हो. उभी राहते, पुस्तक धरते आणि तोंडातून शब्द नाही. वर्ष संपत आलंय. मुख्याध्यापक म्हणतात, पुन्हा तिसरीतच बसवा."

पुन्हा त्याच वर्गात बसवणं म्हणजे काय ते पाववाल्याला कुणी समजावून सांगायला नको होतं. तो स्वतः बसला होता. धाकटी पोरं येऊन शेजारी बसली, घोडा म्हणून चिडवू लागली, आणि एक दिवस दप्तर घरी ठेवून तो बेकरीत गेला तो गेलाच. भट्टीवर त्याचा राग नव्हता. तिनं पोट भरलं होतं. पण लेकीनं तिच्यापुढे उभं राहावं असं त्याला सात जन्मांत वाटलं नसतं.

"असं कसं बाई?" तो म्हणाला. "रोज वाचते ती. तुम्हीच सांगितलं होतंत ना, घरी वाचून घ्या म्हणून? मी उठलो की विचारतो, आज काय वाचलंस. सगळी गोष्ट सांगते, अगदी नावागावासकट."

"आई वाचून दाखवत असेल. मुलं ऐकून पाठ करतात."

"छे हो! माझ्या उशाशी बसून वाचते. मी झोपलेला असतो, आमच्या घरात त्या वेळी टाचणी पडली तरी—"

तो मध्येच थांबला. बाईंनीही हातातला खडू खाली ठेवला.

"तुमच्या उशाशी," बाई सावकाश म्हणाल्या. "तुम्ही झोपलेले असताना. मग मोठ्यानं कधी वाचते?"

पाववाल्यानं मुंगीकडे पाहिलं. मुंगीनं बुटांकडे पाहिलं. मोठ्यानं? मोठ्यानं तर त्या घरात कुणी शिंकलंसुद्धा नव्हतं.

बाई उठल्या. त्यांनी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'खिडकीतली कुंडी माझ्या टेबलावर आण. मग बाबांच्या खिशातला रुमाल काढून माझ्या डोक्यावर ठेव.'

मुंगीनं फळ्याकडे बघितलं. ओठ हलले नाहीत, बोट हललं नाही. बाप खुर्चीत पुढे सरकला. पोरगी जागची हलेना. मग तिनं बाईंच्या डोक्याकडे एकदा संशयानं पाहिलं आणि निघाली. कुंडी उचलली, दोन्ही हातांनी धरून आणली आणि टेबलावर अशी टेकवली की लाकडालाही कळलं नसेल. बापाच्या खिशातून रुमाल ओढला, तो झटकला, त्यातून थोडं पीठ उडालं, आणि टाचा उंचावून तिनं तो बाईंच्या डोक्यावर नीट पसरला.

बाई रुमालाखालून हसत सुटल्या. पाववाला हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. लाज वाटून तो रुमाल शोधू लागला, तर रुमाल बाईंच्या डोक्यावर!

"अहो, ही तर माझ्या अर्ध्या वर्गापेक्षा चांगलं वाचते," बाई म्हणाल्या. मग त्या खाली वाकून मुंगीशी बोलल्या. "लिहितेस बरोबर, तर मला वाटायचं शेजारणीचं बघून लिहितेस. माझं चुकलं बाळ."

मुंगीनं बाईंच्या कानाशी तोंड नेलं. "शेजारीण माझं बघते," ती कुजबुजली.

घोडं अडलं होतं ते आवाजापाशी. एवढ्या वर्षांत पोरीनं मनाशी पक्कं धरलं होतं की आवाज केला की कुणाचं तरी वाईट होतं. बाबांचा हात भाजतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. डाग बघून तिचं तीच शिकली होती. हे सगळं पाववाल्यानं तिच्याच तोंडून ऐकलं. मग त्यानं तिला जवळ घेतलं आणि तो डाग दाखवत म्हणाला, "हा माझ्या वेंधळेपणाचा गं. तुझा नाही."

मुख्याध्यापकांना बाई स्वतः जाऊन भेटल्या. मुंगी चौथीत जाणार हे ठरलं, आणि पाववाल्यानं त्या दिवशी बेकरीत इतक्या खुशीत पीठ मळलं की जोडीदारानं विचारलं, लॉटरी लागली का.

पण नुसतं ठरून कसं भागणार? आवाज तर फुटायला हवा. पालकांच्या सभेत बाईंनी विषय काढला तर काय, एकेक जण बोलू लागला. एकीच्या घरी तान्हं बाळ, एकाच्या घरी आजारी आजोबा, रुग्णालयातल्या नर्सबाई तर पाववाल्यासारख्याच दिवसा झोपणाऱ्या. सगळ्यांच्या घरी एकच मंत्र: शूऽऽ! मग असं ठरलं की शाळा सुटल्यावर एक वर्ग उघडा ठेवायचा. तिथं मुलांनी घसा फुटेस्तोवर मोठ्यानं वाचायचं आणि पालकांनी पाळीपाळीनं समोर बसून ऐकायचं. मध्ये कुणाला टोकायचं नाही, एवढाच नियम. सुट्टीच्या दिवशी पाववाला पाळीला जायचा. बाकीची मुलं छप्पर डोक्यावर घ्यायची. मुंगी पहिल्यांदा पुटपुटली, मग कुजबुजली, मग कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून का होईना, ऐकू येईलसं वाचू लागली. पण घरात पाऊल टाकलं की पुन्हा मुंगीची मुंगी.

एक दिवस बाई आजारी पडल्या, वर्ग बंद राहिला. मुंगी दुपारी घरी आली. पाववाला गाढ झोपेत होता. आणि कशानं तरी त्याला जाग आली.

सवयीनं तो वैतागला. चमचा की कडी? मग त्याला नीट ऐकू आलं. बाहेरच्या खोलीत कुणीतरी वाचत होतं. एक कोल्हा नदी ओलांडायला निघाला होता आणि कासवाशी भाव करत होता. कोल्ह्याचा आवाज चढा होता, कासवाचा जाड. पोरगी भिंतीकडे तोंड करून वाचत नव्हती, कारण शब्द सरळ दारातून आत येत होते.

"शूऽऽ!" बायकोचा दबका आवाज आला. "अगं, बाबा झोपलेत ना!"

कोल्हा नदीच्या मध्यातच गप्प झाला.

पाववाल्याला वाटलं, ओरडून सांगावं, वाच गं, तर ती म्हणणार, उठवलं मी बाबांना. पुन्हा महिनाभर तोंड उघडणार नाही. दार हळूच किलकिलं झालं. दोन डोळे आत बघत होते, घाबरलेले.

जन्मात कधी न घोरलेला तो माणूस डोळे मिटून घोरू लागला. असा घोरला, असा घोरला, की खाटसुद्धा कुरकुरली.

दार पुन्हा मिटलं.

"आई," मुंगी म्हणाली, चांगली मोठ्यानं, "बाबांना काही होत नाही गं." आणि तिनं कोल्ह्याला नदीतून पुढं काढलं.