वारा वळला तेव्हा

"वारो खंयसून येता, ता सांग माका आधी," पद्मावती फोनमध्ये म्हणाली.

गोव्यातल्या हळर्णच्या घराच्या पडवीत तिचा दीर कृष्णनाथ नारळ सोलत बसला होता. त्याने हातातला नारळ खाली ठेवला. परवा त्याच्या थोरल्या भावाचं, सगुणचं, वर्षश्राद्ध होतं आणि त्यासाठी पुतणी गौरवी स्कॉटलंडहून निघायची होती. तिकडच्या डोंगरातल्या एका इस्पितळात ती नर्स होती. घाट ओलांडून तिला विमानतळ गाठायचा होता. अशा वेळी ही बाई वाऱ्याची चौकशी काय करतेय?

"आई, ह्या काय आता?" गौरवी घाईत होती. "टॅक्सी दारात रवली. माका निघूचा आसा."

"निघ गे. पण कालपासून हवा कशी कशी बदलली, ता सांग."

गौरवीने सांगितलं. काल आभाळात पिंजलेल्या कापसासारखे ढग आले होते, मग ते दाट होत गेले, रात्रभर संथ पाऊस पडला. सकाळी थांबला. रस्त्याकडेचं बर्फ वितळलं, घाट मोकळा झाला. इतकी ऊब होती की तिने जाडा कोट काढून हातावर घेतला होता. रेडिओवर रात्री बर्फ पडेल म्हणत होते, पण रात्रीपर्यंत ती घाटापलीकडे पोचलेली असणार होती.

पद्मावतीचा चेहरा बदलला.

पेडण्याच्या हायस्कुलात भूगोल शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. थंड प्रदेशातल्या पावसाचा धडा आला की दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "टीचर, पेडण्यात बर्फ खंय पडता?" "तुमी उद्या खंय जातलात, ता माका काय ठावक?" असं म्हणून ती दोन्ही हात पुढे करायची. हा हात गरम हवा, हा थंड. दोघी भेटतात ती त्यांची आघाडी. गरम हवा हलकी, ती थंड हवेच्या अंगावरून सावकाश वर चढते, म्हणून दिवसभर संथ पाऊस. मग थोडा वेळ ऊब. माणसांना वाटतं, संपलं. तेवढ्यात मागून थंड हवेची आघाडी पाचरीसारखी खाली घुसते आणि गरम हवेला एकदम वर उचलते. वारा वळतो, सरी कोसळतात, आणि उंचावर त्याच सरींचं बर्फ होतं. स्वतः तिने बर्फ फक्त सिनेमात पाहिलं होतं. पण धडा शिकवताना तिचा आवाज कधी डळमळला नव्हता. त्याच वर्गात दुसऱ्या बाकावर गौरवीही बसली होती.

"गौरवी, तुका आता लागता ती ऊब म्हणजे मधली हवा. थंडी मागून येता. खिडकीकडे जा आणि वारो बघ."

"नैर्ऋत्येकडून आसा गे, सकाळपासून."

"आताचो बघ."

फोनमध्ये पावलं वाजली.

"आई... समोरच्या धुराड्याचो धूर वळलो. वायव्येकडून वारो येता. आणि डोंगरामागे काळां झालां."

रेडिओने रात्रीची सांगितलेली थंडी दुपारच्या आधीच दाराशी आली होती.

कृष्णनाथ उठून जवळ आला. "वैनी, तुमी तिका भियवू नका. ती थंय रवता, तिका कळता. बापाच्या वेळेक पोचूक नाय, आता तरी येवंदे."

ते पद्मावतीला सांगायची गरज नव्हती. गेल्या वर्षी सगुण गेला तेव्हा गौरवीला यायला उशीर झाला होता. ती दारात उभी राहिली तोवर अस्थीसुद्धा तेरेखोल नदीच्या पाण्यात सोडून झाल्या होत्या. श्राद्धाला लेकच बसेल, असं पद्मावतीने भटजींना ठणकावून सांगितलं होतं आणि त्यांना ते पटवायला दोन महिने गेले होते. आता नुसतं 'लवकर निघ' म्हटलं, तर परवा पहाटे लेक या पडवीत असणार होती.

"टॅक्सी सोडून दी," ती म्हणाली. "घाट चढू नको."

"विमान चुकतला, आई! दुसऱ्या विमानात जागा नाय. माका परवा पोचूक जमाचा नाय."

"ठावक आसा माका."

"मग?"

"मगे काय नाय. तू घरात रव."

मग गौरवी ड्रायव्हरला काहीतरी सांगत असलेली ऐकू आली आणि फोन बंद झाला. कृष्णनाथने सोललेले नारळ उचलले आणि वहिनीकडे न बघता आत गेला.

दिवेलागणीला गौरवीचा फोन आला. बर्फ आडवं येत होतं, समोरचं घर दिसत नव्हतं. त्या टॅक्सीने दुसरी दोन माणसं घेतली होती. ती माणसं घाटमाथ्यावर अडकली होती. पोलीस त्यांना काढायला निघाले होते. "तुझां खरां झालां," ती म्हणाली आणि रडायला लागली. "पण बाबाक मी दुसऱ्यांदा चुकलंय गे."

"तू चुकूक नाय. मी तुका थांबयलंय," पद्मावती म्हणाली. "त्याका इचारूचा आसात तर तो माका इचारीत."

श्राद्धाच्या सकाळी भटजींनी पूजेचं मांडून घेतलं आणि कृष्णनाथच्या मुलाकडे, गौरेशकडे पाहिलं. गौरवी नाही म्हटल्यावर पुतण्याच बसणार, असं सगळेच धरून चालले होते. गौरेशने शर्टही काढून ठेवला होता.

"मी बसतलंय," पद्मावती म्हणाली.

भटजींनी कृष्णनाथकडे पाहिलं. दोन दिवस तो वहिनीशी धड बोलला नव्हता. पोलिसांनी त्या टॅक्सीतली माणसं दुसऱ्या दिवशी उजाडता बाहेर काढली, हे त्याने ऐकलं होतं. तो उठला, मुलासाठी मांडलेला पाट त्याने स्वतः वहिनीपुढे सरकवला आणि म्हणाला, "बसा, वैनी."

ती बसली. भटजींनी तिच्या बोटात दर्भाचं पवित्रक घातलं, तळहातावर तीळ ठेवले, संकल्प सुरू केला आणि गोत्रापाशी थांबले. पुढे मृताचं नाव घ्यायचं होतं. ते क्षणभर घुटमळले. या घरात तिच्या तोंडून ते नाव कुणी ऐकलं नव्हतं. संसारभर ती त्याला 'अहो' म्हणाली होती.

"सगुण," पद्मावती म्हणाली. मागच्या बाकापर्यंत पोचावं, इतक्या स्वच्छ आवाजात.

भटजींनी मान तुकवून पळी उचलली आणि तिच्या हातावर पाणी सोडलं.