जिच्या ट्यूबवर कुत्रं चढलं नाही

"काका, तुम्ही स्वतः कधी ट्यूबवर का नाही तरंगत? घाबरता?"

विचारून दाखवच, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. तिने विचारलं, तेही कमरेवर हात ठेवून. मागे तिघी तोंड दाबून खिदळल्या.

ट्यूबवाल्या काकांचा पंप चालूच राहिला. "मला कुत्री घेत नाहीत," ते म्हणाले.

काकांचा हा खाक्या सगळ्यांना पाठ होता. नदीवर तरंगायला आलेल्याच्या ट्यूबवर त्यांचं एखादं कुत्रं आपणहून चढलं, तरच ते दोर सोडायचे. नाही चढलं, तर माणसाने मुकाट्याने उतरायचं. रोज सकाळी काका आधी स्वतः बसून बघत. कुत्री नुसती शेपूट हलवत उभी राहत. मग काका उठत आणि पंप खांद्याला लावून, तरंगणाऱ्यांच्या बरोबरीने काठाने चालू लागत. असे कितीतरी उन्हाळे ते चालत आले होते.

मैत्रिणींच्या ट्यूबवर कुत्री टुणकन चढली. उरलेलं एक तिच्या ट्यूबपाशी आलं, हुंगलं आणि कान पाडून मागे सरकलं.

"ये ना रे राजा! बिस्किट देते."

ते आणखी मागे सरकलं.

"उतर, पोरी. तू माझ्याबरोबर."

"असं काय हो काका! मला पोहता येतं."

"पोहण्याचं नाही गं ते."

"बाईसाहेब, पायी या आता!" मैत्रिणींना चेव चढला. तिची रिकामी ट्यूब त्यांनी डबे ठेवायला मागे बांधून घेतली.

ती फणफणत निघाली. ट्यूब आळसावल्यासारख्या वाहत होत्या, कुत्री पसरली होती, गाणी रंगात आली होती.

वळणावर गाणं एकदम थांबलं. सगळं पुढे वाहत असताना रिकामी ट्यूब तेवढी जागच्या जागी थबकली. दोर ताणला. ट्यूब एका बाजूने हळूच दबली, कुणी येऊन टेकावं तशी. कुत्री उठून उभी राहिली. एकही भुंकलं नाही.

"काका, बघितलंत?" ती वळली. शेजारी काका नव्हते.

ते गुडघाभर पाण्यात होते. जेवायला हाक आल्यावर उठावं, तसा साधा चेहरा. "आलो, आलो," ते पुटपुटत होते. पायातून सुटलेली चप्पल प्रवाहाच्या उलट, ट्यूबच्या दिशेने निघाली होती.

तिने त्यांची बाही धरली आणि जीव खाऊन ओढलं. दोघं चिखलात आपटली. तिकडे दोर सैल पडला, ट्यूब पुढे सरकली, कुत्री पुन्हा लवंडली.

काकांनी पाण्याच्या बाजूला बोट दाखवलं.

"म्हातारी होती तोवर ती असायची या अंगाला."

"काकू?"

"कुत्री गं. पायात पायात यायची, पाण्याकडे वळूच द्यायची नाही. थंडीत गेली."

"मग बंद करा ना हे सगळं!"

"आणि तुमच्याबरोबर काठाने कोण चालणार?" काका उठले. एका चपलेने चालू लागले.

घरी आईने तिच्या कपड्यांचा चिखल बघून कपाळाला हात लावला. बाबा हसले, "झालं का तरंगून?"

"मी उद्यापासून रोज नदीवर जाणार. सुट्टी संपेपर्यंत. विचारत नाहीये, सांगतेय."

"रोज तरंगायचंय?"

"छे! ट्यूबवाल्या काकांबरोबर चालायचंय. काका आतल्या अंगाने, पाण्याच्या बाजूने मी."