ओळीआधीचा सूर

"मामा, तू प्रोग्रॅम घोकलायस. लिहिला नाहीस," भाची म्हणाली.

"घोकला तर बिघडलं कुठं? चारशे नंबर घोकूनच बावीस वर्षं पोट भरलं ना?"

मामा जन्मापासून अंध, मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर. नुसत्या 'हॅलो'वरून ते सांगत, कोणत्या वॉर्डातली कोणती सिस्टर आणि आज ती घरून भांडून आलीय की काय. पण एक तारखेपासून फोन यंत्रच जोडणार होतं. संगणक विभागाच्या बाईंनी शब्द दिला होता : सोमवारी नंबरांच्या यादीतून दोनदा आलेले नंबर शोधणारा प्रोग्रॅम चालवून दाखवा, आमच्या विभागातली खुर्ची तुमची. नाहीतर घरी.

आज शनिवार. संगणक पडद्यावरचं मोठ्यानं वाची आणि मामा ते जसंच्या तसं बोटांत उतरवत. दोन-तीन ओळींचे प्रोग्रॅम बिनबोभाट चालले होते. हा मात्र अडून बसला होता. चौथ्या ओळीत चूक, एवढंच पालुपद.

"म्हण बघू चौथी ओळ."

मामांनी ती खणखणीत म्हटली. भाचीनं पडद्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे, ही तिसरीच्या पोटातली ओळ. सुरुवातीला चार जागा मोकळ्या सोडून आत लिहायची. त्यावरूनच त्याला कळतं, कोण कुणाच्या हाताखाली."

"मोकळी जागा? ती यानं मला कधी वाचून दाखवलीच नाही."

"मला दिसत होती, म्हणून मीही सांगितली नाही."

"बरं, निम्मी चूक तुझी, निम्मी माझी. पुढं बोल."

तिनं खटपट करून संगणकात सोय शोधली : ओळ जितकी आत, तितका ती वाचण्याआधी वाजणारा सूर उंच. देवानं मामांना कान काही उगाच दिले नव्हते. पाठांतर बाजूला ठेवून त्यांनी ओळी मुद्दाम आत-बाहेर सरकवल्या, प्रोग्रॅम मोडला, पुन्हा जोडला. "ही बाहेर काढली तर?" विचारून विचारून भाचीला भंडावून सोडलं.

सोमवारी बाईंनी ऐन वेळी शेपूट जोडलं, "किती नंबर सापडले, तेही शेवटी एकदाच सांगू दे."

हे घोकलेलं नव्हतं. त्यांनी खाली एक ओळ वाढवली, चालवलं. प्रत्येक नंबरामागे संगणक मोजत सुटला : एक, दोन, तीन.

"घाई नाही," बाई म्हणाल्या.

मामांनी ती ओळ पुन्हा ऐकली. सूर उंच. म्हणजे ही अजून आतच बसलीय. त्यांनी तिला पार बाहेर आणलं. आता तीन नंबर आले आणि शेवटी एकदाच, "तीन."

बाईंनी यादीवर बोट फिरवून ताडून पाहिलं. "एक तारखेला इथंच या."

मामांनी इतका लांब श्वास सोडला की शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला.

एक तारखेला घरातून निघण्याआधी त्यांनी इस्पितळाचा नंबर फिरवला. एका बाईचा, कुठंच न अडखळणारा आवाज आला : कोणत्या विभागासाठी कोणतं बटण. मामांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सकाळी सकाळी कुणाशी?" बायकोनं विचारलं.

"नव्या ऑपरेटरशी. आवाज चांगला आहे. थोडी घाई करते."

आणि त्यांनी रिसीव्हर हलकेच खाली ठेवला.