पालकांची खुर्ची

ताईने दप्तर दाराबाहेर ठेवलं, वेणीची रिबन सोडून मुठीत घेतली आणि मोठ्या बाईंच्या खोलीचं दार पुन्हा ठोठावलं.

आत्ताच बाईंनी तिला परत पाठवलं होतं. हजेरी चार दिवसांनी कमी भरते. दुपारच्या आत पालकांना घेऊन ये, नाहीतर दहावीचा फॉर्म जाणार नाही. ताई पंधरा वर्षांची. आईबाबा जाऊन दोन वर्षं झालेली, घरात ती आणि याच शाळेत दुसरीत असलेला धाकटा भाऊ. पालक काय दुकानात मिळतात?

“पालक आले?”

“आले,” म्हणत ताई टेबलासमोरच्या खुर्चीवर बसली. त्या खुर्चीवर विद्यार्थी बसत नसत.

“हा काय आगाऊपणा? ऊठ आधी.”

ताई उठली नाही. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आला तो रागच.

“बाई, पालकांच्या भेटींची वही उघडता?”

बाईंनी कपाळाला आठ्या घालत पानं उलटली. धाकट्याने शेजारच्या मुलाला चावा घेतला, पालकांस समज दिली. धाकट्याच्या डोक्यात उवा, समज दिली. धाकटा वर्गात झोपतो. धाकट्याने फळ्यावर वर्गशिक्षिकेचं चित्र काढलं, मिशांसकट. चार भेटी, आणि चारही ठिकाणी तीच गोल, बाळबोध सही.

“तेव्हा मला ‘बसा’ म्हणाले सगळे,” ताई म्हणाली. “सकाळी तासभर व्हरांड्यात ताटकळत ठेवलं, मग समज दिली. तोवर वरच्या मजल्यावर माझ्या वर्गाची हजेरी होऊन गेलेली. उशिरा आला तो गैरहजर. तारखा जुळवून बघा. मी शाळेतच होते.”

“मग वर्गशिक्षकांना सांगायचं.”

“सांगितलं. म्हणाले, पालकांची चिठ्ठी आण. आणली. म्हणाले, हे तर तुझंच अक्षर.”

बाईंनी हजेरीची वही काढून दोन्ही वह्या शेजारी शेजारी मांडल्या. एकेका तारखेवरून बोट फिरवलं. चौथ्या तारखेवर ते बराच वेळ थांबलं.

“घरात मोठं कोणीच नाही?”

“आहे की. मी आहे.”

बाहेर कुठल्याशा वर्गात पाढे चालले होते. बाईंनी लाल पेन उघडलं आणि हजेरीतले चार शेरे एकामागून एक दुरुस्त केले. मग फॉर्म टेबलावरून पुढे सरकवला.

“इथे पालकांची सही करा,” त्या म्हणाल्या.

ताईने केली.

“आणि इथे मुलीची लागेल.”

“बाहेर उभी आहे. पाठवते.”

बाहेर येऊन तिने रिबन बांधायला घेतली. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली, तेव्हा दप्तर पाठीला लावून तिने दार ठोठावलं.