अकराशे बेचाळीस उल्लेख

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर एकच आकडा झळकत होता: ११४२. आमच्या बिश्केकच्या संस्थेतले रोगप्रतिकारशास्त्राचे प्राध्यापक शेरगाझी अगाय यांच्या निबंधांचे इतर शोधनिबंधांत तितके उल्लेख झाले होते. कोणीतरी त्यांच्या खांद्यांवर मानाचा मखमली झगा, चपान घातला, डोक्यावर उंच कल्पाक टोपी चढवली. लोक मोबाइल उंच धरून त्या आकड्याचे फोटो काढत होते.

"मी माझ्या तोंडानं काय सांगू?" अगाय डोळे मिटून म्हणाले. "याकच्या ग्रंथीचा अर्क टोचला की शरीर स्वतःशीच भांडायचं थांबतं. माझ्यावर विश्वास ठेवू नका. विद्वानांनी अकराशे बेचाळीस वेळा मान डोलावली आहे, त्यांच्यावर ठेवा."

मीही टाळ्या वाजवल्या. मी संस्थेचा म्हातारा ग्रंथपाल, छापील कागदावर फार विसंबणारा. माझी थोरली बहीण कुलुयपा नमद्याचे गालिचे शिवते. तिला संधिवात आहे, शरीर स्वतःच्याच सांध्यांशी भांडते तो. दवाखान्याच्या गोळ्यांनी तिचे बरे चालले होते. मीच तिला सांगितले, "एजे, गोळ्या सोड. अगायांची इंजेक्शनं घे. सगळं जग त्यांना मानतं."

"तू वाचलंयस ना सगळं?"

"हो," मी म्हणालो. मी फक्त आकडा वाचला होता.

दोन महिन्यांत तिची बोटे सुजून वाकली. सुई धरता येईना. तिच्या डॉक्टर बेगायिम तडक ग्रंथालयात आल्या.

"आबा, अगायांचा प्रयोग बाहेरच्या कोणी करून पाहिलाय? एक नाव द्या."

"बेटा, अकराशे..."

"मी एकच मागितलं."

मला एकही सांगता आले नाही. मग ते उल्लेख ज्या ज्या निबंधांत होते, ते एकेक उघडून वाचायला बसलो. आठवडा गेला.

एकशे चोवीस निबंध आमच्याच विद्यार्थ्यांचे निघाले. कोणी मेंढ्यांच्या जंतांवर लिहिले होते, कोणी शहरातल्या धुरावर. याकच्या अर्काचा कुठे संबंध नाही. तरी प्रत्येकाच्या शेवटच्या संदर्भयादीत अगायांचे तेच आठ निबंध. आठ गुणिले एकशे चोवीस, नऊशे ब्याण्णव.

त्या याद्या मीच टंकलेल्या होत्या. आमच्याकडे मेजवानीत मेंढीचे डोके वडीलधाऱ्यापुढे ठेवतात. त्याच रीतीने निबंधात आधी गुरूचे नाव यायचे. मुले म्हणायची, "आबा, यादी तेवढी नीट करून द्या," आणि मी कोणी न सांगता अगायांचे ते आठ निबंध त्यात घालायचो. आदर म्हणून. मोजणाऱ्या यंत्राने तो आदर पुरावा म्हणून मोजला.

उरलेल्यांपैकी एकशे एक्केचाळीस वेळा अगायांनी स्वतःच स्वतःचा उल्लेख केला होता. बाहेरचे लोक फक्त नऊ. त्यांतल्या सहांनी जाता जाता नाव घेतले होते. तिघांनी प्रयोग करून पाहिला होता आणि तिघांनीही एकच लिहिले होते: काही परिणाम दिसला नाही. तेही आकड्यात धरलेले होते.

कागद घेऊन मी अगायांच्या खोलीत गेलो. त्यांनी माझ्यासाठी चहा ओतला.

"तुरात, तीस वर्षं एका दस्तरखानवर जेवलो आपण. या याद्या कुणी टंकल्या? तूच ना?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी कधी म्हणालो का, माझे निबंध घाल? नको म्हणालो नाही, एवढंच."

"आणि हे तिघं? ते तर म्हणतात, औषध लागू पडत नाही."

"उल्लेख तो उल्लेख. चहा घे, निवतोय."

चहा तसाच ठेवून मी एजेकडे गेलो. तिने गोळ्या पुन्हा सुरू केल्या होत्या. सूज उतरेल, पण दोन बोटे सरळ होतील याची खात्री नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मी यादीचा हिशेब समजावला. मग म्हणालो, "मी वाचलं नव्हतं, एजे."

तिने वाकलेली बोटे माझ्यापुढे धरली. "अगायांचं मला काही नाही. त्यांना मी ओळखतही नव्हते. मी तुझ्या शब्दावर गोळ्या सोडल्या."

 

म्हणून एवढेच सांगतो. कोणी मोठा आकडा दाखवला, तर तो कोणी वाढवला ते विचारा. नाव घेणाऱ्याने प्रयोग करून पाहिला की नुसता मान ठेवला, ते वाचा. आणि हे मी सांगतो म्हणूनही खरे मानू नका. सगळे निबंध ग्रंथालयात माझ्या मेजावर काढून ठेवले आहेत. या, आणि स्वतः मोजा.